पाच नाणी आणि रोजची पंधरा मिनिटं: नाण्यांची जादू शिकायला सुरुवात कशी करावी

नाण्यांची जादू शिकायला घेतलेले बहुतेक जण पहिल्याच दिवशी नाणं लपवायला शिकतात आणि तिथेच अडकतात. उजव्या हातात नाणं छान लपलेलं असतं, पण ते ज्या डाव्या मुठीत दिल्याचं भासवलं, ती बघताच रिकामी आहे हे कोणालाही कळतं. मग समोरच्याला काही शोधावं लागत नाही. डाव्या मुठीवर विश्वास बसला नाही की त्याची नजर आपोआप उजवीकडे वळते. म्हणून खाली दिलेल्या प्रत्येक गोष्टीचा क्रम एकच आहे: आधी नाणं डाव्या हातात खरोखर द्यायचं, देताना आपले हात काय करतात ते बघायचं, आणि मग न देता अगदी तेच करायचं.

नाणं कोणतं घ्यायचं

शिकवणारे बहुतेक परदेशी व्हिडिओ अमेरिकी अर्ध्या डॉलरवर केलेले असतात. ते नाणं ३०.६ मिमी व्यासाचं आणि ११.३४ ग्रॅम वजनाचं. आपल्या रोजच्या व्यवहारातलं त्याच्या सर्वांत जवळचं गोल नाणं म्हणजे दहा रुपयांचं: व्यास २७ मिमी, वजन साधारण पावणेआठ ग्रॅम. साडेतीन मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तळहातात तो चांगला जाणवतो. व्हिडिओत दाखवलेल्या जागी नाणं बसत नाही, म्हणून ‘आपला हातच या कामाचा नाही’ असं ठरवू नका. नाणं लहान आहे, तेव्हा जागा थोडी सरकवावी लागते, इतकंच.

दहाचंच नाणं घ्या आणि पाच घ्या. पन्नास रुपयांत वर्षभराचं सामान झालं. मात्र पाचही एकाच छापाची हवीत. दहाच्या नाण्यांची बरीच डिझाइन्स चलनात आहेत. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तेव्हाची १४ डिझाइन्स वैध असल्याचं स्पष्ट केलं होतं. पुढे जो खेळ दिला आहे त्यात एक नाणं दुसऱ्याची जागा घेतं. तिथे एकावर रुपयाचं चिन्ह आणि दुसऱ्यावर नुसता आकडा असेल तर चौकस पुतण्या ते लगेच पकडेल. वर्ष आणि टांकसाळीची खूणही जुळवून घ्या. वर्षाच्या आकड्याखाली बारीक हिरा दिसला तर नाणं आपल्या मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईत हिऱ्याची नाणी सहज मिळतात. भाजीवाल्याकडून आठवडाभर सुट्टे घेतलेत तरी पाचांचा संच जमतो.

वीसचं नाणंही २७ मिमीचंच आहे आणि वजनाने थोडं भारी, साडेआठ ग्रॅम. पण त्याला बारा बाजू आहेत. हातात फिरलं की कधी कोपरा लागतो, कधी सपाट बाजू, आणि पकड दर वेळी बदलते. सुरुवातीला ते नकोच. एक आणि दोन रुपयांची नाणी पोलादी, हलकी आणि गुळगुळीत आहेत, त्यातलं नवं एकचं तर जेमतेम २० मिमीचं. शिकणारा दहा-बारा वर्षांचा असेल तर जुनं जाड पाचचं नाणं शोधा. २३ मिमी आणि ९ ग्रॅमचं ते नाणं लहान हातात फार छान बसतं.

राणीछाप रुपयाबद्दल पुष्कळ जण विचारतात. चांदीचा तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. तोळा हे वजनच मुळी रुपयाचं. आकारानेही तो अर्ध्या डॉलरच्या अगदी जवळ जातो, चांदी हाताला चिकटून राहते आणि आवाज खणखणीत. नाण्यांच्या जादूसाठी याहून चांगलं नाणं आपल्या देशात झालेलं नाही, हे आमचं ठाम मत. पण पहिल्या वर्षी त्यावर पैसे घालू नका. चोरबाजारात दिसणाऱ्या राणीछापांत नकला असतात, तेव्हा घेताना लोहचुंबक लावून बघा, कारण चांदी चुंबकाला चिकटत नाही. शिवाय सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल, पण दहा ग्रॅम भरलं तर ते परत करा.

आणखी एक. नाणं घरी कापून, तासून किंवा भोक पाडून ‘युक्तीचं नाणं’ बनवायला जाऊ नका. चलनातलं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा २०११ च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय तसल्या नाण्याची या टप्प्यावर गरजही नाही.

बसायचं कुठे, हात कसे हवेत

सराव पलंगावर किंवा घडी घातलेल्या चादरीवर करा. पहिल्या महिन्यात नाणं शेकडो वेळा पडणार. लादीवर पडलं की ते थेट कपाटाखाली जातं, आणि रात्री अकराला खालच्या मजल्यावरच्या माणसाला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. टेबलावर सराव करायचा असेल तर मोठा माउसपॅड पसरा. रबराच्या तळामुळे नाणं घरंगळत नाही आणि बोटाने कड दाबली की सहज उचलता येतं. काचेचं टेबल टाळा. काचेत तळहाताचं प्रतिबिंब पडतं आणि लपवलेलं नाणं खालून दिसतं. आपल्याला ते कधीच जाणवत नाही, समोर बसलेल्याला मात्र आधी तेच दिसतं.

नाणी साबणाने धुऊन कोरडी करा. अंगठी काढून ठेवा, कारण नाणं अंगठीला लागलं की ‘टिक्’ असा आवाज येतो आणि नाणं कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. घड्याळाचा धातूचा पट्टाही तसाच.

मुंबईत हाताच्या घामाचा विचार करावाच लागतो. तळहाताला किंचित ओल हवी. तिच्यामुळेच नाणं धरून राहतं. एप्रिल-मे महिन्यात किंवा गर्दीच्या डब्यातून उतरल्यावर मात्र हात इतका ओला असतो की नाणं साबणासारखं सटकतं. रुमालाने हात पुसा, दोन मिनिटं थांबा, मग सुरू करा. पावडर लावू नका. पावडरीने पकड आणखी सुटते आणि नाण्यावर पांढरा डाग दिसतो. याउलट दिवसभर एसीत बसणाऱ्यांचे हात कोरडे पडतात. त्यांनी अर्धा तास आधी थोडं मॉइश्चरायझर चोळावं.

आधी खरं

उजवा हात उताणा धरा. नाणं मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या सर्वांत खालच्या पेरावर ठेवा. डावा हात समोर, तोही उताणा, कमरेपेक्षा थोडा वर. आता उजवा हात डावीकडे वळवत पालथा करा आणि नाणं डाव्या हातात पडू द्या. डावी बोटं मिटा. उजवा हात बाजूला घ्या. हे पन्नास वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण हे टाळून पुढे गेलेल्यांना दोन महिन्यांनी इथेच परत यावं लागतं.

करताना चार गोष्टी बघा. डावी बोटं मिटायला नेमकी केव्हा सुरुवात होते? नाणं तळव्याला लागलं त्या क्षणी. त्याआधी नाही आणि नंतरही नाही. मूठ कशी दिसते? आत नाणं असलेली मूठ पूर्ण आवळलेली नसते, बोटं आणि तळवा यांच्यात थोडी पोकळी असते. आपली नजर कुठे जाते? नाण्याबरोबर, म्हणजे उजवीकडून डावीकडे. आणि काम संपल्यावर उजवा हात काय करतो? काहीच नाही. सैल पडतो, बोटं किंचित वाकलेली राहतात. हे चौथं उत्तर सर्वांत कामाचं आहे. रिकामा हात ताठ नसतो. तो वाकलेलाच असतो, आणि त्या वाकलेल्या बोटांतच नाणं राहणार आहे.

फिंगर पाम आणि खोटं देणं

नाणं त्याच जागी, मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या खालच्या पेरावर. एक कड बोटांच्या मुळाशी असलेल्या रेषेला टेकलेली, दुसरी मधल्या सांध्याच्या रेषेजवळ. आता ही दोन बोटं जेमतेम इतकी वाकवा की नाणं दोन रेषांच्या मध्ये धरलं जाईल. बाजारातून येताना पिशवीचा बंद बोटांत असतो तेव्हा बोटं जशी असतात, तशी. हात पालथा करा. नाणं पडलं नाही ना? हाच फिंगर पाम. नाण्यांच्या जादूतल्या पकडींपैकी हा सर्वांत सोपा, आणि पुढे कितीही शिकलात तरी तो सोडून चालत नाही.

आता खोटं देणं. उजवा हात उताणा, नाणं सर्वांना दिसतंय. हात डावीकडे वळायला लागतो, आणि वळतानाच मधलं बोट व अनामिका ते जेमतेम वाकणं पूर्ण करतात. उजव्या बोटांची टोकं डाव्या तळव्याला खरोखर टेकतात. टेकली की डावी बोटं मिटायला लागतात, आणि मिटणाऱ्या बोटांतून उजवी टोकं हलकेच बाहेर येतात, जणू नाणं आत सोडून आली. डावी मूठ आपल्याच डाव्या बाजूला थोडी वर जाते आणि तुमची नजर तिच्यासोबत. उजवा हात तिथेच थांबतो. त्याची तर्जनी मुठीकडे बोट दाखवायला सैलपणे पुढे येते, आणि बाकीची बोटं वाकलेली का आहेत याचं कारण त्यातच मिळतं.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली: बोटं हात वळण्याआधी वाकतात. बघणाऱ्याला नाणं ‘पकडलं’ जाताना दिसतं. वळणं आणि वाकणं एकदमच व्हायला हवं. दुसरी: उजवा हात खालून झटकन मागे घेतला जातो. चोरी केल्यासारखा तो पळतो, आणि लोक पळणाऱ्याकडे बघतात. उजवा हात जिथे आहे तिथे ठेवा. दूर जायचं ते डाव्या मुठीने. तिसरी: डावी मूठ घट्ट आवळली जाते. आत नाणं नसल्यामुळे बोटं तळव्यापर्यंत पोचतात आणि मूठ चपटी दिसते. आत सुपारी धरल्यासारखी पोकळी ठेवा. चौथी: करणारा स्वतःच उजव्या हाताकडे बघतो. आयरमधले स्कॉटिश जादूगार जॉन रॅमसे यांच्या नावाने सांगितला जाणारा नियम इथे लागू पडतो: लोकांनी जिकडे बघावं असं वाटतं तिकडे आपण बघायचं.

आणि मूठ लगेच उघडायची नाही. निदान दोन-तीन सेकंद जाऊ द्या. मुठीवर फुंकर मारा, कोणाला तरी ती बोटाने टेकायला सांगा. नाणं तिथे आहे हे समोरच्याच्या मनात पक्कं बसायला तेवढा वेळ लागतो. ते बसलं नसेल तर उघडल्यावर नाणं ‘नाहीसं’ होत नाही, नुसतं ‘दुसऱ्या हातात असेल’ इतकंच होतं.

सरावाची परीक्षा अशी घ्या. फोन पुस्तकांच्या चवडीला टेकवून समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. एकामागून एक दहा वेळा नाणं द्या: पाच वेळा खरं, पाच वेळा खोटं, क्रम कसाही. दर वेळी मूठ उघडण्याआधी हात चौकटीबाहेर न्या. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून बघा आणि कुठलं खरं, कुठलं खोटं ते कागदावर लिहा. स्वतःचीच खोटी देणी ओळखू येत असतील तर ती कशावरून ओळखली तेही लिहा. बहुतेकदा उत्तर वेग असतो, खोटं देणं खऱ्यापेक्षा घाईत होतं. आरशाने हे काम होत नाही. आरशासमोर बरेच जण नेमक्या चोरीच्या क्षणी डोळे मिटतात आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. आरसा कोन बघायला वापरा, कॅमेरा खोटं पकडायला.

फ्रेंच ड्रॉप, थोडक्यात

डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नाणं कडेने धरलेलं; उजवा अंगठा खालून आत जातो, उजवी बोटं वरून झाकतात आणि नाणं घेतल्याचा भास होतो; प्रत्यक्षात ते डाव्या बोटांच्या मुळाशी पडतं. जरूर शिका, दोन्ही हातांनी शिका. पण घरच्यांसमोर पहिल्यांदा हे करू नका. पुष्कळांनी ते कधी ना कधी पाहिलेलं असतं, आणि नाणं असं धरून कोणी कोणाला देत नाही. डावीकडून दोन-तीनदा खरंच घेऊन झाल्यावर, बोलता बोलता केलं तरच ते खपतं.

क्लासिक पाम

इथे घाई नको. नाणं तळव्याच्या मधोमध, एका बाजूला अंगठ्याखालचा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला अनामिका-करंगळीखालची गादी यांच्यामध्ये धरलं जातं. बोटं मोकळी. हाताने पेन धरता येतं, चहात साखर ढवळता येते, आणि पालथ्या तळव्याला नाणं चिकटलेलं.

जागा अशी शोधा: तळवा उताणा ठेवा, नाणं मध्ये ठेवा आणि अंगठा किंचित, अगदी किंचित, करंगळीकडे न्या. तळव्याची कातडी दोन्हीकडून नाण्याच्या कडांवर येते. आता हात पालथा करा. पडलं, तर नाणं दोन मिलिमीटर मनगटाकडे सरकवून बघा. तरी पडलं, तर बोटांकडे. मग थोडं फिरवून बघा. प्रत्येक हाताला एक जागा असते जिथे जवळजवळ जोर न लावता नाणं राहतं. २७ मिमीचं नाणं मोठ्या हातात त्या जागेत सैल पडतं, तेव्हा रुंद पंजाच्या माणसांना ती सापडायला जास्त दिवस लागतात. ती सापडली की मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या टोकांवर नाणं ठेवून, बोटं मिटून तिथेच दाबायला शिका.

जोर लावून धरलंत तर अंगठा आत ओढला जातो, बोटं ताणली जातात आणि हात खेकड्याच्या नांगीसारखा दिसतो. दुखलं की थांबा. रोज दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार वेळा, हे एका तासाच्या ओढाताणीपेक्षा कितीतरी चांगलं. हात नैसर्गिक दिसायला महिने लागतात आणि त्याला जवळचा रस्ता नाही. पण वेळ काढायची गरजही नाही. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की नाणं तळव्यात धरून फोन चाळा, वर्तमानपत्राची पानं उलटा. नाण्याकडे लक्ष न देता ते धरून ठेवणं हेच तर शिकायचं आहे. नुसत्या नाण्यांच्या खेळावर जगभरचे रंगमंच गाजवलेला अमेरिकेचा टी. नेल्सन डाउन्स (१८६७–१९३८) रेल्वेत तारयंत्रावर काम करता करताच घडला. मात्र फलाटावर किंवा दारात उभं राहून सराव नको. नाणं रुळांकडे घरंगळलं की हात नकळत त्यामागे जातो.

पहिला पूर्ण खेळ: चौथं नाणं

क्लासिक पाम जमायची वाट बघू नका. वरचं खोटं देणं जमलं की हा खेळ करता येतो. परिणाम असा: काकांच्या हातात तुम्ही तीन नाणी मोजून देता, ते मूठ मिटतात. चौथं नाणं तुमच्या मुठीतून नाहीसं होतं आणि काका मूठ उघडतात तर तिथे चार. नाणी पाच लागतात, लोकांना चार माहीत असतात.

१. पाचही नाणी उजव्या खिशात. खिशात हात घालून एक नाणं फिंगर पाममध्ये घ्या, उरलेली चार बोटांच्या टोकांनी बाहेर काढून टेबलावर टाका. खिसा नसेल तर बटवा घ्या आणि त्यातून तसंच करा.

२. ‘‘काका, हात पुढे करा, असा उताणा.’’ तुमचा डावा हात त्यांच्या हाताला खालून आधार देतो. हा आधार पुढे कामाला येणार आहे.

३. उजव्या अंगठ्याने आणि तर्जनीने पहिलं नाणं उचला, त्यांच्या तळव्यापाशी नेऊन ठेवा. ‘‘एक.’’ दुसरं तसंच. ‘‘दोन.’’ दोन्ही वेळा तुमची बोटं त्यांच्या तळव्याच्या अगदी जवळ जायला हवीत, फार तर दोन बोटं अंतर. पहिली दोन उंचावरून टाकलीत आणि तिसरं खाली नेऊन ठेवलंत तर तिसरं वेगळं दिसेल.

४. ‘‘तीन.’’ तिसरं सोडताना मधलं बोट आणि अनामिका किंचित उघडा. लपवलेलं नाणं त्याच क्षणी त्याच्यासोबत पडतं. आधीची दोन तिथे असल्याने खणखणाट होतोच, त्यात एक जास्तीचा आवाज हरवतो. त्याच दमात डाव्या हाताने खालून त्यांची बोटं मिटवा: ‘‘घट्ट धरा, कोणाला देऊ नका.’’ मुठीत तीन आहेत की चार हे स्पर्शाने सहसा सांगता येत नाही.

५. आता तुमचा उजवा हात खरोखर रिकामा आहे. तो दिसू द्या, पण ‘‘हात रिकामा आहे बघा’’ असं म्हणू नका. म्हणालात की लोकांना तो रिकामा नसण्याची शक्यता पहिल्यांदाच सुचते.

६. टेबलावरचं चौथं उचला, दाखवा, डाव्या हातात खोटं द्या. डावी मूठ काकांच्या मुठीवर न्या, दोन सेकंद थांबा, आणि करंगळीपासून एकेक बोट उघडा. ‘‘काका, आता तुम्ही मोजा. मोठ्याने.’’

७. ते मोजत असताना सगळ्यांच्या नजरा त्यांच्या हातावर असतात. तुमचा उजवा हात सैल सोडा. मोजून झाल्यावर नाणी डाव्या हातात परत घ्या, तिथून उजव्या हातात ओता, म्हणजे पाचवं त्यांच्यातच मिसळतं, आणि पाचही खिशात.

बिघडतं ते बहुतेक चौथ्या पायरीला. दोन नाणी एका पाठोपाठ पडली तर ‘खण-खण’ असे दोन आवाज येतात. बोटं उघडणं आणि अंगठा सोडणं एकदम व्हायला हवं. याचा सराव डोळे मिटून, आवाज ऐकून करा. काकांनी मूठ मिटायला वेळ लावला तर त्यांना चार नाणी दिसतात, म्हणून डाव्या हाताचा आधार पहिल्यापासून ठेवायचा. आणि नाणी नीट पसरली तरीही दिसतात, म्हणून तिन्ही एकाच जागी, एकावर एक पडतील अशी ठेवा.

‘‘परत करून दाखव’’ असं म्हणतील. नको. पहिल्यांदा काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, दुसऱ्यांदा ते तिसऱ्या नाण्याकडेच बघत बसतील. त्याऐवजी एखादं नाणं नाहीसं करून काकूंच्या कोपराखालून काढा आणि थांबा.

कोन आणि माणसं

फिंगर पाम समोरून बघणाऱ्यासाठी आहे. तुमच्या उजवीकडे मागे उभ्या असलेल्याला नाणं दिसतं. म्हणून पाठीमागे भिंत घ्या. गणपतीत घरी पाहुणे येतात तेव्हा करून दाखवायची हौस सगळ्यांनाच असते, पण तिथेच हात उघडे पडतात. तुम्ही उभे, आणि पोरं खाली सतरंजीवर मांडी घालून. त्यांची नजर थेट पालथ्या तळव्याखाली जाते. तेव्हा तुम्हीही खाली बसा आणि हात त्यांच्या डोळ्यांच्या पातळीखाली ठेवा. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर दहाच्या नाण्याची सोनेरी कड बोटांच्या फटीतून चमकते; बोटं एकमेकांना चिकटून ठेवली की चमक जाते.

पाच वर्षांखालच्या मुलांसमोर नाणं तोंडात टाकण्याचं, गिळण्याचं, नाकातून काढण्याचं काहीही करू नका. ती घरी जाऊन तेच करतात आणि नाणं घशात अडकतं. त्यांच्यासाठी कानामागून नाणं काढा. ते नाणंही त्यांच्या हातात खेळायला देऊ नका.

पकडले गेलात तर वाद घालू नका. कोणी म्हणालं ‘‘उजव्या हातात आहे’’, तर उजवा हात उघडून नाणं दाखवा, ‘‘बरोबर’’ म्हणा आणि विषय बदला. घरी आल्यावर मात्र आठवून लिहून ठेवा: तो नेमक्या कुठल्या क्षणी उजवीकडे बघायला लागला? देतानाच, की मूठ उघडण्याआधी, की उघडल्यावर? देताना असेल तर वेग किंवा वळणं चुकलं. उघडण्याआधी असेल तर तुम्ही स्वतः उजवीकडे बघितलंत. उघडल्यावर असेल तर मुठीत नाणं आहे हे त्याला पटायला तुम्ही पुरेसा वेळ दिला नाहीत. पुढच्या वेळी दोनाऐवजी चार सेकंद थांबा.